पालथं पडण्याची राष्ट्रीय चाचणी

वासुदेव केळशीकरांनी वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी भारताच्या राष्ट्रीय संघात जायचं ठरवलं, तेव्हा ते सोफ्यावर पालथे पडले होते. हे मुद्दाम सांगायला हवं, कारण पुढे जे रामायण घडलं त्याचं मूळ या आसनात आहे. शुक्रवार होता, दुपारचं जेवण अंगावर आलं होतं आणि टीव्हीवर २००२ सालचं हिवाळी ऑलिम्पिक चाललं होतं. पडद्यावर एक माणूस धावत आला, हातातल्या पाटासारख्या लोखंडी स्लेजवर पोटावर पडला आणि डोकं पुढे करून बर्फाच्या पन्हळीतून असा सुसाट खाली गेला की वासुदेवरावांच्या तळहातावरची बडीशेप गालिच्यावर सांडली. या खेळाला स्केलेटन म्हणतात, असं समालोचकाने सांगितलं.

"बघितलंस?" ते बायकोला म्हणाले. "सुरुवातीला थोडंसं धावायचं. मग नुसतं पडून राहायचं. हलायचंसुद्धा नाही."

"म्हणजे तुमची प्रॅक्टिस लग्नापासूनची आहे," लतिकाबाई टेबल पुसत म्हणाल्या.

गंमत तिथेच संपायची. संपली नाही, कारण दिवाळीच्या सुमाराला दुबईच्या महाराष्ट्र मंडळाच्या फळ्यावर, मोदकाच्या साच्याच्या आणि सेकंडहँड सोफ्याच्या जाहिरातींमध्ये एक परिपत्रक लागलं. भारतीय बर्फघसर महासंघ नावाची कुठलीशी संस्था दिल्लीत होती आणि तिला स्केलेटनच्या राष्ट्रीय संघासाठी एक पुरुष आणि एक स्त्री हवी होती. चाचणी डिसेंबरात, दुबईत. दुबईत का, या प्रश्नाला महासंघाच्या सेक्रेटरींनी फोनवर मोठं तात्त्विक उत्तर दिलं होतं. स्केलेटनचा ट्रॅक भारतात नाही, तसा तो दुबईतही नाही, तेव्हा कुणावर अन्याय होत नाही. सेक्रेटरींचा मेहुणा शारजात राहतो आणि त्याच्या मुलीचं त्याच आठवड्यात लग्न होतं, हे नंतर कळलं.

आता माणसाला या वयात असलं काही का सुचावं? वासुदेवरावांना विचारलं असतं तर ते "हौस" म्हणाले असते. पण खरी गोष्ट तेवढी सोपी नव्हती. कोकणात गावी गेले की ते 'दुबईवाले' असत आणि दुबईत ते लेबर कार्डावरचे 'इंडियन' असत, बाकीच्या लाखोंसारखे. तिथल्या देरा भागात एका क्लिअरिंग-फॉरवर्डिंगच्या ऑफिसात इतकी वर्षं बसून त्यांनी दुनियेभरचा माल इकडून तिकडे पाठवला, पण त्यांना स्वतःला कुणी कुठे बोलावलेलं नव्हतं. छातीवर 'इंडिया' लिहिलेला शर्ट घालावा, आपल्याला आपल्या देशाने नावाने हाक मारावी, आणि ते आपल्या मुलीने एकदा पाहावं, एवढंच त्यांना हवं होतं. एवढंच म्हणायचं, पण ही काही थोडकी मागणी नव्हती आणि हे त्यांनाही कळत होतं. म्हणून त्यांनी ते कुणाला बोलून दाखवलं नाही.

मुलीचं, म्हणजे इशिताचं मत मात्र लगेच आलं. ती बारा वर्षांची होती आणि दुबईत जन्मलेल्या मुलांप्रमाणे मराठीत विचारलं की इंग्रजीत उत्तर द्यायची.

"बाबा, प्लीज. माय फ्रेंड्स लिव्ह इन धिस बिल्डिंग."

शेजाऱ्यापाजाऱ्यांची मतं मागवावी लागली नाहीत. समोरच्या अनुपमाने, पोटावर बर्फाचा गारवा बसला की मूत्रपिंड धरतं आणि तिच्या सासऱ्यांचं नुसत्या फरशीवर झोपून धरलं होतं, असं सांगितलं. सांगून झाल्यावर तिने, स्केलेटन म्हणजे सांगाडा ना हो, असं नाव असलेल्या खेळात चांगल्या घरची माणसं कशाला जातील, अशी शंकाही काढली. खालच्या किराणा दुकानाचे अलीमियाँ दापोलीकडचे, म्हणजे वासुदेवरावांच्या गावाजवळचे. त्यामुळे त्यांचा सल्ला जवळिकीचा आणि म्हणून जास्त धोकादायक असे.

"केळशीकर, बर्फ नाय तर नाय," ते खारकांचं पोतं सरकवत म्हणाले, "वाळू काय कमी हाय इथे? जुम्म्याला चला डेझर्टमधी. घसरायचं ते घसरायचं. बर्फ काय, वाळू काय."

त्याप्रमाणे एका शुक्रवारी सकाळी केळशीकर कुटुंब आणि अलीमियाँ वाळवंटात गेले. बरोबर लतिकाबाईंची पुरणाची मोठी परात होती. वासुदेवरावांनी टेकडीच्या माथ्यावर उभं राहून चारी दिशांना पाहिलं, चष्मा खिशात घातला, मग ते परात पुढे धरून चार पावलं धावले आणि तिच्यावर पडले. परात जागच्या जागी वाळूत रुतली. वासुदेवराव मात्र पुढे गेले. गेले म्हणजे बरेच गेले, पण हनुवटीवर, आणि तोंड उघडं ठेवून. खाली पोचल्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत, कारण बोलायला जागा नव्हती. अलीमियाँनी पाण्याची बाटली दिली आणि उंट बघायला आलेल्या एका जर्मन कुटुंबाने फोटो काढला.

वाळू बाद झाली. वासुदेवरावांनी ऑफिसच्या गोदामातून खोकी ढकलायची एक बुटकी चारचाकी ट्रॉली घरी आणली आणि इमारतीच्या तळघरातल्या पार्किंगचा उतार सरावासाठी निश्चित केला. उतार छान होता. वरून सुरू होऊन एका वळणाने खाली अंधारात जात होता. त्यांनी डोक्याला इशिताचं सायकलचं गुलाबी हेल्मेट बांधलं, पोटाशी उशी घेतली आणि पहिल्याच फेरीत ते वळणापर्यंत सरळ, म्हणजे खरोखर एखाद्या बाणासारखे गेले. वळणावर त्यांना दिसलं, की समोरून एक पांढरी लँड क्रूझर वर येते आहे.

गाडी थांबली. ट्रॉलीही थांबली, गाडीच्या बंपरखाली डोकं घालून. दार उघडलं आणि इमारतीचे मालक जमालसाहेब आपला पायघोळ अरबी झगा, म्हणजे कंदुरा सावरत खाली उतरले. वासुदेवरावांनी त्यांना आजवर फक्त भाड्याचे चेक देताना पाहिलं होतं, तेही उभं राहून.

"शू हादा?" जमालसाहेबांनी विचारलं. म्हणजे, हे काय आहे?

पालथ्या माणसाला स्वतःची ओळख देणं फार अवघड असतं. वासुदेवरावांनी मान शक्य तेवढी वर केली. "सर, इंडिया. नॅशनल टीम."

जमालसाहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं, ट्रॉलीकडे पाहिलं, गुलाबी हेल्मेटकडे जरा जास्त वेळ पाहिलं. ते हसले नाहीत. "फ्रायडे," ते विचार करून म्हणाले. "मॉर्निंग. बिफोर प्रेअर. नो कार्स. यल्ला." यल्ला म्हणजे चला. आणि खरोखरच त्यांनी वॉचमनला तसं सांगून ठेवलं. सगळ्या दुबईत हा एकच माणूस होता ज्याने वासुदेवरावांचं म्हणणं पहिल्या फटक्यात खरं मानलं, आणि ते उपकार वासुदेवराव पुढे बरीच वर्षं बोलून दाखवत.

ऑफिसात मात्र तसं झालं नाही. महासंघाला भारतीयत्वाची खात्री म्हणून मूळ पासपोर्ट बघायचा होता. आणि पासपोर्ट, तिथल्या रीतीप्रमाणे, ऑफिसच्या तिजोरीत. पासपोर्ट मागणारा माणूस एक तर घरी कुणी गेलं म्हणून मागतो, नाही तर दुसऱ्या कंपनीत चाललेला असतो, हे तिथल्या पोराटोरांनाही ठाऊक असतं. मॅनेजर मोहिद्दीन यांनी दार लावून घेतलं.

"केळशीकर, सच बोलो. कौन सा कंपनी?"

"कंपनी नहीं सर. स्केलेटन है. बरफ पे सोने का. राष्ट्रीय स्तर पर."

मोहिद्दीननी डोळे मिटून घेतले. इतक्या वर्षांच्या माणसाने निदान जरा बरी थाप मारायला हवी होती, असा त्यांचा चेहरा झाला. प्रतिस्पर्धी कंपनीने केळशीकरांना किती देऊ केलं असेल याचा त्यांनी दोन दिवस विचार केला आणि तिसऱ्या दिवशी वासुदेवरावांच्या टेबलावर 'सीनियर डॉक्युमेंटेशन ऑफिसर' अशी पितळी पाटी आली. खुर्ची तीच, पगार तोच, फक्त 'सीनियर' नवीन. जे बारा वर्षं अर्ज करून मिळालं नव्हतं ते पालथं पडायच्या नुसत्या इच्छेने मिळालं. याचा आनंद मानावा की अपमान, हे वासुदेवरावांना ठरवता आलं नाही. पासपोर्ट मात्र मिळाला.

सरावाच्या वेळी लतिकाबाई उतारावर प्लॅस्टिकची खुर्ची टाकून इशिताच्या घड्याळावर वेळ घ्यायच्या. मांडीवर वाटाणे सोलायला असत. तीनचार शुक्रवार त्या नुसत्या वेळ सांगत राहिल्या. मग एकदा म्हणाल्या, "तुम्ही उभे धावता, मग थांबता, मग विचार करता आणि मग झोपता."

"थांबतो कुठे?"

"थांबता. वाकून धावायला हवं. अगदी जमिनीला हात लागेल इतकं वाकून. आणि पडायचं नसतं हो, सूर मारायचा असतो. धावता धावताच अंग फेकायचं. खांबावर सूर मारतात तसा."

"कुठल्या खांबावर?"

"खो-खोच्या."

वासुदेवरावांना आठवलं. लग्नाच्या वेळी आलेल्या माहितीच्या कागदावर 'आवड' या सदरात 'भरतकाम, खो-खो' असं लिहिलेलं होतं. त्यांनी त्यातलं भरतकाम पाहिलं होतं. उशांच्या अभ्र्यांवर ते अजूनही होतं. खो-खोचं पुढे काय झालं, हे विचारायचं राहून गेलं होतं.

"चांगली खेळायचीस का?"

"राज्याकडून खेळले." लतिकाबाईंनी वाटाण्याची शेंग मोडली. "राष्ट्रीय शिबिराला नावही लागलं होतं. तेवढ्यात तुमच्याकडून व्हिसा आला."

"मग?"

"मग काय. आले."

हे त्या इतक्या साधेपणाने म्हणाल्या की वासुदेवरावांना वाईट वाटायलाही फट सापडली नाही. त्यांनी पुन्हा ट्रॉली वर नेली आणि वाकून धावायचा प्रयत्न केला. पाठीत लचक भरली आणि तो शुक्रवार शेकण्यात गेला.

चाचणी एका हॉटेलच्या आइस रिंकवर होती. ट्रॅक नसल्यामुळे फक्त सुरुवात बघणार होते. रिंकच्या एका टोकाकडून धावायचं, स्लेज ढकलायची, तिच्यावर झेपावायचं आणि पलीकडे लावलेल्या गाद्यांपर्यंत जायचं. महासंघाला सकाळची वेळ स्वस्तात मिळाली होती. त्यानंतर तिथे एका लहान मुलाचा वाढदिवस असल्याने गाद्यांच्या वर रंगीत फुगे आणि 'हॅपी बर्थडे' अशी झालर आधीच लावून ठेवलेली होती. आठदहा उमेदवार होते. बहुतेक सगळे पंचविशीच्या आतले आणि पोट नसलेले. दिल्लीचे सेक्रेटरी सूट घालून कुडकुडत होते. प्रशिक्षक म्हणून सोमनाथ शिंदे नावाचे सैन्यातले निवृत्त सुभेदार होते, मूळचे साताऱ्याकडचे, जे हा खेळ कुठे तरी डोंगरात परदेशी लोकांकडून शिकले होते. मराठी माणूस पाहून वासुदेवरावांना धीर आला.

"केळशीकर, वय?" सोमनाथसरांनी विचारलं.

"एक्केचाळीस."

"हरकत नाही. या खेळात वय चालतं. पोट चालत नाही." आणि त्यांनी पुढचं नाव पुकारलं.

गॅलरीत लतिकाबाई शाल लपेटून चहाचा थर्मास घेऊन बसल्या होत्या. शेजारी इशिता होती. तिने आपण या लोकांबरोबर नाही असं दाखवण्यासाठी मध्ये दोन खुर्च्या सोडल्या होत्या.

वासुदेवरावांची पाळी आली. पायात उसने काट्यांचे बूट, डोक्यावर महासंघाचं हेल्मेट, आणि अंगात या एका क्षणासाठी साठवलेलं सगळं काही. त्यांनी स्लेजच्या दांड्याला हात लावला. ते वाकले, धावले. स्लेज सुटली. ती इतकी छान सुटली की त्यांच्या हातात थांबलीच नाही. वासुदेवरावांनी सूर मारला तो जिथे स्लेज नुकतीच होती त्या जागी. मग रिंकवरच्या सगळ्यांनी पाहिलं, की पुढे एक रिकामी स्लेज चालली आहे आणि तिच्या मागे, बरोबर त्याच रेषेत, हात पुढे केलेले केळशीकर पोटावर येत आहेत. आधी स्लेज गादीवर आपटली, मग केळशीकर स्लेजवर. वरची झालर सुटून त्यांच्या पाठीवर पडली.

"सर, टायमिंग किसका लूँ?" वेळ घेणाऱ्या मुलाने विचारलं. "स्लेज का या इनका?"

दुसरी संधी होती. या वेळी त्यांनी जोखीम घेतली नाही. ते धावले, थांबले, विचार केला आणि झोपले. स्लेज सावकाश पण सरळ गेली. वासुदेवराव तिच्यावर हनुवटी टेकून, हात अंगालगत घेऊन, निश्चल पडले होते. श्वाससुद्धा दिसत नव्हता.

सोमनाथसरांनी वहीत काही तरी लिहिलं. "झोपता मात्र उत्तम," ते म्हणाले. "इतकी शांत बॉडी मी फार कमी पाहिली. पण तिथपर्यंत पोचायला हवं ना." त्यांनी हे चांगल्या मनाने म्हटलं, आणि म्हणूनच ते फार लागलं. वासुदेवराव बाकावर येऊन बसले. बूट काढताना त्यांना नाडीची गाठ दिसेना, कारण डोळ्यांत पाणी होतं. थंडीने येतं तसं.

तिकडे सेक्रेटरींपुढे वेगळंच संकट होतं. स्त्रियांमधून एकाच मुलीचं नाव आलं होतं आणि तिला कांजिण्या झाल्या होत्या. स्त्रियांची चाचणी झालीच नाही असं दिल्लीला कळलं तर ती जागाच रद्द होणार होती. सेक्रेटरींनी सगळ्या गॅलरीभर नजर फिरवली. तिथे झाडूवाला होता, इशिता होती आणि लतिकाबाई होत्या.

"मॅडम, बस नाम के लिए. एक बार. फॉर्मॅलिटी."

"मी?" लतिकाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं.

"जा गं," वासुदेवराव म्हणाले. "गंमत म्हणून जा. आता काय फरक पडतो?" ते मोठ्या मनाने म्हणाले. आपल्याजवळचं सगळं गेलेलं असलं की माणूस उदार होतो, तसे ते त्या घटकेला उदार झाले होते.

महासंघाने आणलेले बायकांचे बूट एक नंबर मोठे होते. लतिकाबाईंनी पुढे कागद कोंबले. शाल खुर्चीवर ठेवली, ओढणी कमरेला घट्ट आवळली, आणि सुरुवातीच्या रेषेवर जाऊन त्या खाली वाकल्या. त्या नुसत्या वाकल्या त्यावरूनच सोमनाथसर बोलायचे थांबले.

नंतर जे झालं ते वासुदेवरावांना नीट सांगता येत नाही. ते सांगायला लागले की हात पुढे करतात आणि गप्प होतात. ती धावली, जमिनीला चिकटून, आणि धावणं कुठे संपलं आणि झेप कुठे सुरू झाली हे दिसलंच नाही. हातपाय पसरायच्या आत ती स्लेजवर होती आणि स्लेज गाद्यांत होती. मग मोठा आवाज झाला आणि एक फुगा फुटला.

सोमनाथसरांनी घड्याळ पाहिलं, हलवून पुन्हा पाहिलं. "बाई, पुन्हा एकदा जमेल?"

पुन्हा एकदा जमलं, आणि पहिल्याहून बरं जमलं. उमेदवारांपैकी निम्म्या मुलांना तिने मागे टाकलं होतं. नवऱ्याला तर कुठल्या कुठे. "गो आई!" असा आवाज आला. इशिता कठड्यावर चढून ओरडत होती, मधल्या खुर्च्या वगैरे विसरून. लतिकाबाई उठून उभ्या राहिल्या. कमीजभर बर्फाचा चुरा होता, अंबाडा सुटला होता, आणि चेहऱ्यावर असं काही होतं जे वासुदेवरावांनी चौदा वर्षांत पाहिलं नव्हतं. बायकोला त्यांनी धावताना पाहिलं होतं ते फक्त शाळेच्या बसमागे.

निकाल तिथेच लागला. पुरुषांत रास अल खैमाच्या बँकेत काम करणारा एक मुलगा, स्त्रियांत लतिका वासुदेव केळशीकर. फेब्रुवारीत ऑस्ट्रियात सहा आठवड्यांचं शिबिर, खऱ्या ट्रॅकवर. ज्याचं स्वप्न वासुदेवरावांनी सोफ्यावर पडून पाहिलं होतं तो 'इंडिया' लिहिलेला शर्ट सेक्रेटरींनी लतिकाबाईंच्या हातात दिला. वासुदेवरावांना सहभागाचं प्रमाणपत्र मिळालं. त्यावर 'केळशीकर' चुकीचं लिहिलं होतं, पण त्यांनी ते दुरुस्त करून मागितलं नाही.

बातमी इमारतीत त्यांच्या आधी पोचली. "शेवटी शिकवलंत कुणी? तुम्हीच ना!" अलीमियाँ म्हणाले आणि वासुदेवरावांनी, खरं सांगायचं तर, मान डोलावली. अनुपमाने दाराशी येऊन, सहा आठवडे म्हणजे जेवणाचं काय, मुलीचं काय, आणि बर्फाचं ते मूत्रपिंडाचं काय, हे सगळं विचारलं. मोहिद्दीननी बायको युरोपला चालल्याचं ऐकलं आणि वासुदेवरावांचा पासपोर्ट लगेच तिजोरीत परत ठेवायला लावला. लतिकाबाईंनी शर्ट घडी करून कपाटात ठेवला आणि आमटीला फोडणी दिली. एक आठवडा गेला, दुसरा गेला. त्या विषय काढत नव्हत्या आणि वासुदेवरावही काढत नव्हते. घरात सगळं नेहमीसारखं होतं. इतकं नेहमीसारखं, की इशिताने एकदा जेवताना विचारलं, "इज एनीवन गोइंग टू टॉक अबाउट इट?" लतिकाबाईंनी तिच्या पानात आणखी एक पोळी वाढली.

शेवटी कागदपत्रांनीच बोलायला लावलं. लतिकाबाईंचा तिथला रहिवासाचा व्हिसा नवऱ्याच्या नावावर, म्हणजे कागदोपत्री वासुदेवराव त्यांचे स्पॉन्सर. ऑस्ट्रियाच्या व्हिसाला स्पॉन्सरचं ना-हरकत पत्र लागणार होतं. वासुदेवराव संध्याकाळी ऑफिसातून निघून टायपिंगच्या दुकानात गेले. टायपिस्ट तय्यब पेशावरचा. त्याच्याकडे जगातल्या प्रत्येक गरजेचा मजकूर तयार असे.

"बीवी का एनओसी? परपज क्या लिखूँ? टूरिझम, इलाज, माँ-बाप से मुलाकात. यही तीन चलते हैं."

"स्पोर्ट्स."

"बच्ची जा रही है?"

"बीवी."

तय्यबची बोटं थांबली. "साहब, बीवी के स्पोर्ट्स का फॉर्मेट तो नहीं है," तो म्हणाला, आणि मग त्याने तो नव्याने टाइप केला. 'मी, खाली सही करणार स्पॉन्सर, माझी पत्नी राष्ट्रीय संघाकडून खेळण्यासाठी परदेशी जात असून माझी त्यास हरकत नाही.' खाली सहीची रेघ होती.

वासुदेवरावांच्या हातात पेन होतं. त्यांच्या मनात आलं, की ही सही राहून गेली तर? ऑफिसात काम होतं, विसरलो, तारीख निघून गेली. कुणी दोष देणार नाही. ती तर नाहीच देणार. ती म्हणेल, "मग काय," आणि वाटाणे सोलायला घेईल. हा विचार किती सोयीचा आहे हे पाहून त्यांना स्वतःचीच भीती वाटली. त्यांनी घाईघाईने सही केली, जरा जास्तच मोठी.

घरी येताना मात्र ते हलके झाले होते. आपण काही तरी मोठं केलं, असं त्यांना वाटत होतं. त्यांनी चप्पल काढायच्या आत ते पत्र लतिकाबाईंपुढे धरलं आणि जरा मागे सरून उभे राहिले. बक्षीस समारंभात उभं राहतात तसे.

लतिकाबाईंनी ओले हात पदराला पुसले. पत्र वाचलं. पुन्हा वाचलं.

"तुमची हरकत नाही, ते कळलं," त्या म्हणाल्या. "पण तुम्हाला आनंद झालाय का?"

'हो' म्हणणं अगदी सोपं होतं. वासुदेवराव संसारात अशा प्रश्नांना नेहमीच 'हो' म्हणत आले होते. त्यांनी तोंड उघडलंसुद्धा. मग ते सोफ्यावर बसले. बसले, पडले नाहीत.

"नाही," ते म्हणाले. "अजून नाही. तू धावलीस ना, तेव्हा मला आधी दुखलं आणि मग अभिमान वाटला. उलटं व्हायला हवं होतं. मला फार हवं होतं गं ते. तुला कसं कळणार." आणि मग त्यांच्या लक्षात आलं, की हे साऱ्या जगात कुणाला कळणार असेल तर समोर उभ्या असलेल्या बाईलाच. त्यांची मान खाली गेली. "आनंद होईल. नक्की होईल. पण थोडा वेळ लागेल."

लतिकाबाईंनी पत्र घडी करून टेबलावर ठेवलं. मग स्टूल ओढून त्या वर चढल्या आणि कपाटाच्या माथ्यावरची मोठी बॅग त्यांनी धप्पकन खाली टाकली.

"लागू दे," त्या म्हणाल्या. "तोवर मी भरायला घेते."